चित्रातील पेटी, पेटीवरील चित्र

एका रंगविलेल्या लाकडी पेटीचे जलरंगांतील चित्र हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय क्षुल्लक वाटेल, याची मला जाणीव आहे. पेटी राजवाड्यातील नव्हे, शेतकऱ्याच्या घरातील आहे. आणि चित्रही कोणा नामांकित चित्रकाराने स्वतःच्या प्रेरणेने काढलेले नाही. ते सरकारी योजनेत, साप्ताहिक वेतनावर, समोरची वस्तू जशी आहे तशी कागदावर उतरविण्याच्या आज्ञेनुसार काढलेले आहे. म्हणजे रूढ कलाविचाराच्या दृष्टीने त्याच्यावर दोन दोष एकदम येतात: एक, ते उपयोजित वस्तूचे चित्र आहे; आणि दुसरा, अधिक गंभीर, ते प्रतिकृती आहे. तथापि गेली तीसेक वर्षे भाषांतराच्या धंद्यात घालविलेल्या व्यक्तीला या दुसऱ्या आरोपात स्वतःचे नाव ऐकू येते. त्यामुळे या चित्राची वकिली करताना माझा स्वार्थ आहे, हे आरंभीच कबूल करून ठेवते.

चित्र ज्या संग्रहातील आहे त्याची माहिती आपल्याकडे फारशी कोणी दिलेली नाही. म्हणून ती थोडक्यात देणे अवश्य आहे. अमेरिकेत आर्थिक मंदीच्या काळात, १९३५ साली, बेकार कलावंतांना काम देण्यासाठी 'फेडरल आर्ट प्रॉजेक्ट' ही योजना निघाली. तिच्या पोटात 'इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन' नावाचा एक उपक्रम होता. वस्त्रकलेतील कल्पक चित्रकार रूथ रीव्ह्ज आणि न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयातील चित्रसंग्रहाच्या प्रमुख रोमाना जॅव्हिट्झ या दोघींच्या बोलण्यातून त्याची कल्पना निघाली. योजनेचे संचालक होल्गर केहिल यांनी तिला बळ दिले आणि 'अमेरिकन ह्यूमर' (१९३१) या ग्रंथाच्या लेखिका कॉन्स्टन्स रूर्क यांनी संपादनाची दिशा ठरविली. वसाहतकाळापासून सुमारे १९०० पर्यंत अमेरिकेतील सामान्य माणसांनी घडविलेल्या आणि वापरलेल्या वस्तू, म्हणजे पेट्या, खुर्च्या, गोधड्या, मडकी, खेळणी, दुकानांवरच्या पाट्या, जहाजांच्या नाळेवरील पुतळ्या, यांची रंगीत चित्रनोंद करावयाची, असा संकल्प होता. १९४२ मध्ये काम थांबले तेव्हा अठरा हजारांहून अधिक चित्रे तयार झाली होती. १९४३ मध्ये ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनाकडे गेली आणि आजही तेथेच आहेत. १९५० साली अर्विन ख्रिस्टेन्सन यांनी त्यांतील निवडक चित्रांचा ग्रंथ सिद्ध केला. दिल्लीच्या एका ग्रंथालयात विद्यार्थिदशेत मी तो प्रथम चाळला. आता कलादालनाने संग्रहच सर्वांना खुला केल्याने चित्रे हवी तितकी मोठी करून पाहता येतात.

पेटी पेनसिल्व्हेनियातील जर्मन शेतकरी समाजाची आहे. अठराव्या शतकात ऱ्हाइन नदीच्या परिसरातून आणि स्वित्झर्लंडमधून आलेली ही माणसे. त्यांनी आपली बोली, आपली धर्मपुस्तके आणि आपली वळणदार अक्षरे सोबत नेली. मुलगी (आणि पुष्कळदा मुलगाही) वयात येऊ लागली की तिच्यासाठी एक पेटी करून घेण्याची त्यांची चाल होती. इंग्रजीत तिला हुंड्याची पेटी म्हणतात, परंतु ते नाव नंतरच्या संग्राहकांनी रूढ केलेले आहे आणि ते तितकेसे खरे नाही. घरातील मंडळी तिला आपल्या बोलीत नुसते 'किश्ट', म्हणजे पेटी, म्हणत. लाकूड बहुधा पाइन किंवा ट्यूलिप-पॉप्लर जातीचे, मऊ आणि स्वस्त. फळ्यांची टोके एकमेकींत अडकवून केलेले सांधे, वर उघडणारे झाकण, लांब पट्टीच्या लोखंडी बिजागऱ्या, आत एका कडेला बारीकसारीक मौल्यवान वस्तूंसाठी झाकणाचा छोटा कप्पा, कधी खाली दोन-तीन खण. सुताराचे काम येथे संपते आणि रंगाऱ्याचे सुरू होते.

माझ्यासमोरील चित्रातली पेटी बर्क्स परगण्यात प्रचलित असलेल्या घाटाची आहे. दर्शनी बाजूवर तीन चौकटी. त्यांवर कमानी आणि बाजूंना खांब, पण सर्व रंगाने काढलेले. मधल्या चौकटीत दोन एकशिंगी घोडे मागच्या पायांवर उभे राहून समोरासमोर आलेले. दोन्ही बाजूंच्या चौकटींत ट्यूलिपची फुले. पार्श्वभूमीचा निळसर हिरवा रंग काळाने मळून तपकिरीकडे झुकला आहे. वर नावाची पट्टी, परंतु तिच्यातली काही अक्षरे पुसली गेली आहेत.

हा फलक मर्ढेकरांच्या कसोटीला लावून पाहण्याचा मोह मला आवरत नाही. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांचे उदाहरण शोधण्यासाठी इतकी सोयीची वस्तू क्वचित सापडेल. दोन घोडे परस्परांशी संवादी, कारण एक दुसऱ्याचे आरशातले रूप आहे. त्यांच्या उसळीला खांबांची निश्चलता विरोधी. आणि दोन्ही बाजूंच्या फुलांनी तोललेले हे सारे. पण ग्रामीण रंगाऱ्याची खरी गंमत या हिशेबाबाहेर राहते. दोन घोडे अगदी सारखे नाहीत. उजव्याची मान किंचित आखूड झाली आहे, कारण कमान जिथे यावयाची तिच्या थोडी अलीकडेच आली. कंपासाने आणि साच्याने आखणी करून घेतली, तरी उरलेले हाताने करावयाचे असते आणि हात चुकतो. ही चूक त्याने झाकली नाही. झाकण्यासारखी आहे असे त्याला वाटलेही नसावे.

आता जलरंगकाराकडे वळू. त्याने ही आखूड मान आखूडच ठेवली आहे. शब्दांत ही गोष्ट किरकोळ वाटते, परंतु शिकलेल्या हाताला ती किती अवघड जात असेल याची कल्पना करावी. कलाविद्यालयात ज्याने घोड्याच्या शरीररचनेचा अभ्यास केला आहे, त्याची पेन्सिल आपोआप दुरुस्ती करू पाहते. भाषांतरकाराच्या बाबतीत नेमके असेच घडते. मूळ लेखकाचे वाक्य अवघडलेले असेल तर आपली लेखणी ते नकळत सरळ करते, आणि वाचक म्हणतो, 'भाषांतर कसे ओघवते झाले आहे!' त्या स्तुतीत मूळ लेखकाचा पराभव असतो.

इंडेक्सच्या चित्रकारांना यासाठी मुद्दाम शिक्षण द्यावे लागले. ते शिक्षण आले कोठून, ही कथा मनोरंजक आहे. इजिप्तमधील थडग्यांतील भित्तिचित्रांच्या आणि शिल्पांच्या प्रतिकृती करण्यात जोसेफ लिंडन स्मिथ यांनी हयात घालविली होती. त्यांच्या पद्धतीत तयार झालेल्या, बोस्टनच्या ललितकला संग्रहालयातील सुझन चॅपमन यांनी इंडेक्सच्या चित्रकारांना ती पद्धत शिकविली. आधी पेन्सिलीची सूक्ष्म बाह्यरेषा. मग पारदर्शक रंगांचे पातळ थर एकावर एक. आणि जेथे चमक हवी तेथे पांढरा रंग न लावता कागदाचा पांढरेपणाच मोकळा सोडावयाचा. एका चित्राला आठवडे लागत, कधी त्याहूनही अधिक. म्हणजे फॅरोच्या थडग्यापुढे जी एकाग्रता साधली गेली, ती एका शेतकऱ्याच्या मुलीच्या पेटीपुढे खर्च झाली. यात मला एक न्याय दिसतो.

येथे कोणी विचारील की हे सर्व छायाचित्राने झाले नसते काय? त्या काळी रंगीत छायाचित्रण महाग होते आणि छपाईत बेभरवशाचे. रंगाशिवाय या वस्तूंचे अर्धे जीवित जाते, हे इंडेक्सच्या चालकांचे म्हणणे रास्तच होते. पण केवळ हे कारण पुढे केले तर चित्रांचे मूल्य साधनाच्या अभावापुरते उरते. १९३५ मध्येच कोडाक्रोम फिल्म बाजारात आली. पुढे रंगीत छायाचित्र घरोघर पोचले. मग ही अठरा हजार चित्रे जुन्या वेळापत्रकासारखी निरुपयोगी व्हावयास हवी होती. ती झाली नाहीत. वॉल्टर बेंजामिन यांनी यांत्रिक प्रतिकृतीच्या युगातील कलाकृतीविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध १९३५-३६ मध्येच लिहिला, हा योगायोग लक्षणीय आहे. यंत्राच्या प्रतीमुळे मूळ वस्तूचे तेजोवलय विरते, असे ते सांगत होते, आणि त्याच वेळी दुसऱ्या खंडात शेकडो माणसे हाताने प्रती काढीत बसली होती. त्या प्रतींत वस्तूचे तेजोवलय आहे की नाही ते मी सांगू शकत नाही. परंतु त्यांत दुसऱ्या माणसाचा वेळ आहे. कॅमेऱ्याने एका क्षणाची चकाकी, खिडकीचे प्रतिबिंब, योगायोगाने पडलेली सावली हेही टिपले असते. चित्रकाराने अनेक दिवसांच्या पाहण्यातून ते गाळले आणि जे पेटीचे होते तेवढे ठेवले. काय पेटीचे आणि काय प्रकाशाचे, हा निर्णय प्रत्येक चौरस इंचावर घ्यावा लागतो; आणि जेथे निर्णय आहे तेथे समीक्षा आहे.

आपल्या परंपरेत या प्रश्नावर फार सूक्ष्म विचार झाला आहे, आणि आश्चर्य असे की त्याचे उदाहरणही चित्रातला घोडाच आहे. रंगभूमीवरील नटाला पाहून 'हा राम' अशी जी प्रतीती होते ती सम्यक् ज्ञान नव्हे, मिथ्या नव्हे, संशय नव्हे आणि सादृश्यही नव्हे. चित्रातील घोड्याकडे पाहून 'हा घोडा' असे म्हणावे तशी ती असते, असे श्रीशंकुकाने म्हटले. हाच चित्रतुरगन्याय. आमच्या पेटीत तर न्याय तिप्पट झाला आहे. एकशिंगी घोडा सृष्टीत नाहीच. रंगाऱ्याने तो पेटीवर काढला. आणि त्या काढलेल्या घोड्याचे चित्र जलरंगकाराने कागदावर काढले. त्यात आणखी एक पदर आहे. पेटीवरील कमानी आणि खांब खरे नाहीत. श्रीमंत घरांतील मोठ्या कपाटांवर जे खांब लाकडात कोरलेले असत, त्यांची ती रंगातली नक्कल आहे. नकलेची ही नक्कल खोटेपणाच्या किती पायऱ्या उतरली, असे प्लेटोच्या शिष्याने मोजावे. वस्तुतः पाहणाऱ्याला खोटेपणाचा लवलेशही जाणवत नाही.

शंकुकाच्या मताचे खंडन करताना भट्टतौताने विचारले होते: हे अनुकरण कोणाच्या दृष्टीने? प्रेक्षकाच्या, नटाच्या, की समीक्षकाच्या? जे पाहिलेलेच नाही त्याचे अनुकरण कसे होणार? जलरंगकाराला हा शेवटचा आक्षेप लागत नाही, कारण पेटी त्याच्या डोळ्यांपुढे होती. पण पहिला प्रश्न मात्र तसाच उरतो, आणि त्याचे उत्तर अभिनवगुप्ताने नाट्याला लावलेल्या 'अनुकीर्तन' या शब्दात मला सापडते. अनुकरणात मुळाची बरोबरी करण्याचा आव असतो. अनुकीर्तनात मूळ तिथेच राहते आणि त्याचे पुन्हा उच्चारण होते. नाट्यासाठी योजिलेला शब्द प्रतिकृतीला लावण्यात थोडी ओढाताण होते, हे मान्य. पण भाषांतराची बाजू मांडताना इतका उपयुक्त दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

ट्यूलिप आणि एकशिंगी घोडा यांचा अर्थ काय, यावर विद्वानांत बरेच वाद झाले. जॉन जोसेफ स्टाउट यांनी १९३७ च्या आपल्या ग्रंथात या आकृतींचा संबंध धर्मग्रंथांतील आणि गूढवादी भक्तीतील प्रतीकांशी जोडला. दुसरा पक्ष म्हणाला की ही निव्वळ शोभेची आकृती आहे; शेतकऱ्याला फूल आवडले, त्याने काढले. एकशिंगी घोड्यात कोणाला कौमार्याचे चिन्ह दिसले, कोणाला ब्रिटिश राजचिन्हातला प्राणी. मला दोन्ही पक्ष अर्धे वाटतात. आपण 'हात धुऊन मागे लागणे' म्हणतो तेव्हा त्यात हातही नसतात आणि पाणीही. पण म्हणून तो निरर्थक ध्वनी नव्हे. प्रतीक पिढ्यान्पिढ्या वापरात झिजून वाक्प्रचार बनते. रंगाऱ्याने एकशिंगी घोडा वाक्प्रचारासारखा वापरला असावा. जलरंगाचा गुण असा की तो या वादात पडत नाही. शब्दांत वर्णन करणाऱ्याला 'पवित्र' किंवा 'खेळकर' असे एखादे विशेषण लिहावेच लागते. कुंचल्याला ते लिहावे लागत नाही.

या संग्रहाचे मर्यादादर्शनही केले पाहिजे. पहिली गोष्ट, पांढऱ्या कागदावर एकटी ठेवलेली ही पेटी कोणत्याही घरात नाही. तिच्यावर कोणी बसत नाही, तिच्याखाली जमीन नाही, केवळ एक फिकट सावली आहे. झाकण मिटलेले, त्यामुळे आतला तो छोटा कप्पा, जो मुलीच्या दृष्टीने पेटीचा आत्मा असेल, आपल्याला कधीच दिसत नाही. दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. संग्रहाच्या नावात 'अमेरिकन' हा शब्द आहे, आणि त्या देशातील मूळ रहिवाशांच्या कलावस्तूंना त्यात स्थान दिले गेले नाही. त्या मानवशास्त्राच्या खात्यात पडतात, असे धरले गेले. न्यू मेक्सिकोतील स्पॅनिश परंपरेला, या जर्मन पेट्यांना प्रवेश मिळाला, परंतु ज्यांच्या भूमीवर हे सर्व घडले ते बाहेर राहिले. उपयोगी पडेल असा भूतकाळ राष्ट्राने शोधावा, अशी हाक व्हॅन विक ब्रुक्स यांनी १९१८ मध्ये दिली होती. 'उपयोगी' म्हटले की निरुपयोगी ठरविण्याचा अधिकार कोणाच्या तरी हाती जातोच.

ज्यांना प्रवेश मिळाला त्यांनाही किंमत द्यावी लागली. पेटीवरील नाव जर्मन वळणाच्या अक्षरांत आहे, ती ज्या बोलीत 'किश्ट' होती ती बोली वेगळी; चित्राखालील शीर्षक मात्र इंग्रजीत 'पेनसिल्व्हेनिया जर्मन पेटी' एवढेच सांगते. एका मुलीची पेटी एका समाजाची झाली, मग एका राष्ट्राची. आपल्या बहुभाषी देशात भाषांतराच्या व्यासपीठांवर आपण दररोज हेच करीत असतो. तुळू, डोगरी किंवा संताळी कथा दुसऱ्या भाषेत नेताना आपण ती 'भारतीय' कथा म्हणून सादर करतो. त्यात तिचा गौरव होतो, आणि तिच्यावरचे गावाचे नाव पुसट होते. हे टाळता येईल असे मला वाटत नाही. परंतु पुसट झालेले अक्षर पुसट म्हणून दाखविणे आपल्या हाती असते.

प्रतिकृतीविषयीचा आपला स्वतःचा अनुभवही आठवावा. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती मेजर रॉबर्ट गिल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अनेक वर्षे खपून केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाविद्यालयातील विद्यार्थ्यांकडून, ज्यांत पेस्तनजी बोमनजी होते, पुन्हा प्रती करविल्या. त्यांतल्याही कित्येक १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. उरलेल्यांवर आज अभ्यासक झेपावतात, कारण लेण्यांतील चित्रांचा काही भाग त्यानंतर नष्ट झाला आहे. पण त्याच कथेची दुसरी बाजू अशी की चित्रे नीट दिसावीत म्हणून भिंतींवर वॉर्निश चढविले गेले, आणि ते पिवळे पडून मुळालाच इजा झाली. प्रत करणाऱ्याचे प्रेम मुळाला घातक ठरू शकते. पेनसिल्व्हेनियातील पेटीला तिच्या जलरंगकाराने हात लावला नाही, एवढेच नव्हे तर कागदावरही तिला नवी केली नाही.

याच गोष्टीपाशी मला पोचावयाचे होते. चित्रात किल्लीच्या भोकाभोवतीचा रंग उडालेला आहे, कारण पिढ्यान्पिढ्यांच्या बोटांनी तो झिजविला. झाकणाच्या पुढच्या कडेला लाकूड उघडे पडले आहे. नावाच्या पट्टीत शेवटची दोन-तीन अक्षरे गेली आहेत. एका अक्षराचे वरचे वळण तेवढे राहिले आहे. जर्मन नावांशी थोडाही परिचय असलेल्याला ते नाव पुरे करता आले असते. जलरंगकाराने ते केले नाही. त्याने तेवढे एक वळण, अर्धवट, जसे होते तसे, त्याच निष्ठेने रंगविले ज्या निष्ठेने घोड्याचे डोळे रंगविले. मुळात लाकडावर जिथे रंग नाही, तिथे कागदावर 'रंग नसलेल्या लाकडाचा' रंग लावावा लागतो, हे लक्षात घेतले पाहिजे. अभाव रंगविण्यासाठीही श्रम पडतात, आणि दुरुस्ती करण्याहून ते अधिक असतात.

मला हे कळायला उशीर लागला. पुष्कळ वर्षांपूर्वी बंगालीतील ग्रामगीतांच्या एका संग्रहाचे मी मराठी भाषांतर केले. एका गीतात संकलकाने एका शब्दाच्या जागी टिंबे दिली होती. गाणाऱ्या वृद्धेला तो शब्द आठवला नव्हता. मराठीत टिंबे बरी दिसेनात, लयही तुटत होती. संदर्भावरून मी तेथे एक शब्द घातला, आणि तो चांगला शब्द होता. पुस्तकाच्या एका परीक्षणात नेमकी तीच ओळ उद्धृत करून मूळ लोककवीच्या प्रतिभेचे कौतुक करण्यात आले. मी कोणालाच काही बोलले नाही.

दुसऱ्या आवृत्तीची वेळ आली तेव्हा मी तो शब्द काढला आणि टिंबे परत ठेवली. मुद्रिते तपासून आली, तेव्हा समासात लाल शाईने प्रश्न होता: 'येथे शब्द गळला आहे काय?' मी त्याखाली 'होय' असे लिहिले आणि पान परत पाठविले.